समाधान आहे, आठ लिहा

शिडीबाई दारात आल्या की लोक आधी त्यांच्या पिशवीकडे बघायचे. पिशवीत शिडी असायची, म्हणजे शिडीचं चित्र. जाड पुठ्ठ्यावर छापलेली, वर प्लास्टिक चढवलेली, हाताळून हाताळून कोपरे गोल झालेली. खाली शून्य, वर दहा. शिडीबाई ती समोरच्याच्या नाकासमोर धरायच्या आणि एकाच सुरात विचारायच्या, "एकंदरीत आपल्या आयुष्याबद्दल आपण किती समाधानी आहात? या शिडीच्या कितव्या पायरीवर आपण उभे आहात असं आपल्याला वाटतं?"

चोवीस वर्षं त्या हेच विचारत होत्या. पोरांनी शिडीबाई नाव ठेवलं, मग मोठ्यांनी उचललं, आणि पुढे कार्यालयातल्या हजेरीच्या वहीतही कुणीतरी पेन्सिलीने तेच लिहून ठेवलं. बाईंनी ते खोडलं नाही. उन्हातान्हात दारोदार फिरणाऱ्या बाईला याहून वाईट नावं ठेवता आली असती, असं त्या म्हणायच्या.

एकदा एका रंगाऱ्याने ते चित्र बराच वेळ न्याहाळलं होतं. तीस वर्षं लोकांच्या भिंती रंगवलेला माणूस तो. त्याने विचारलं, "बाई, ही शिडी टेकवलीय कशाला?"

"म्हणजे?"

"भिंत कुठाय? नुसती शिडी हवेत उभी आहे. असल्या शिडीवर मी पहिल्या पायरीलाही पाय ठेवणार नाही. तुम्ही खुशाल चढा."

बाई हसल्या आणि फॉर्मवर "उत्तर नाही" लिहून पुढच्या दाराला गेल्या. त्या रंगाऱ्याने त्यांना फुकटात शहाणपण दिलं होतं, पण फुकटचं शहाणपण कोण पदरात बांधून घेतं?

त्यांचं कार्यालय टपाल कचेरीच्या वरच्या मजल्यावर होतं. देश कसा जगतोय ते मोजायचं, असं त्या कार्यालयाचं काम. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी साहेब फळ्यापाशी उभे राहून म्हणाले होते, "कारखान्यातून किती पोती बाहेर पडली ते मोजणारी खाती पुष्कळ आहेत. पोती उचलणाऱ्याची पाठ कशी आहे, ते आपण मोजायचं." तेव्हा साहेबांचे केस काळे होते आणि आवाज खणखणीत होता. समोरच्या बाकांवरची निम्मी मंडळी खिडकीतून बाहेर बघत होती. शिडीबाईंनी मात्र ते वाक्य वहीत उतरवून घेतलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

त्याला कारण होतं. त्यांची थोरली बहीण, ताई, तेव्हा सूतगिरणीत होती. सगळी मिळून तिची अठ्ठावीस वर्षं तिथे गेली. गिरणीने रोज पाळी सुटताना सूत मोजलं. ताईच्या छातीत रोज किती कापूस जातोय, ते मोजायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. रस्ते झाले, पूल झाले, माल परदेशी गेला, आणि वर्तमानपत्रात देश पुढे गेल्याचे आकडे आले. ताई पाळी संपवून घरी यायची आणि खोकत बसायची. म्हणून साहेबांचं ते वाक्य ऐकून बाईंना वाटलं, चला, शेवटी आमच्या ताईला मोजणारं कुणीतरी निघालं. नोकरीवर भक्ती जडावी तशी ती जडली. नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही. मग जो काय जीव लावायचा होता तो त्या शिडीला लावला, असं म्हटलं तरी चालेल.

आता त्या कामातली एक गोम सांगायला हवी. माणसं आकड्यात उत्तर देत नाहीत. तुम्ही कुणाला विचारा, कसं काय चाललंय? तो कधी "साडेसहा" म्हणालाय का? तो म्हणतो, "बरं चाललंय." म्हणून कार्यालयाने एक तक्ता करून दिला होता. "उत्तम" म्हणाला तर नऊ. "समाधान आहे" म्हणाला तर आठ. "बरं चाललंय" म्हणजे सात. नुसतं "चाललंय" म्हणजे सहा. एक "बरं" गळालं की एक पायरी खाली. "काय सांगायचं आता" म्हणाला की पाच. नुसता उसासा टाकला तर प्रश्न पुन्हा विचारायचा, आणि पुन्हा उसासाच आला तर "उत्तर नाही". हा तक्ता बाईंना तोंडपाठ होता. बाकीचे प्रगणक चहाच्या टपरीवर बसून अर्धे फॉर्म मनाने भरायचे. शिडीबाईंनी चोवीस वर्षांत एक आकडा पदरचा लिहिला नव्हता. त्यांचा सगळा ताठा त्या एका गोष्टीवर होता.

आणि खरी मेख होती ती "समाधान" या शब्दात. ती बाईंच्या पहिल्याच वर्षी लक्षात आली होती. चांगल्या घरातला माणूस "समाधानी आहात का" म्हटल्यावर मनाशी हिशोब करतो: हवं ते मिळालं का? आणि ज्याला काहीच मिळालेलं नाही, त्याला तोच शब्द वेगळा ऐकू येतो. त्याला लहानपणापासून एकच शिकवलेलं असतं, समाधान मानावं. असेल त्यात भागवावं, कुरकुर करू नये. त्याला वाटतं, या बाई आपली परीक्षाच घेताहेत, की बाबा रे, तू समाधान मानतोस की नाही? मग तो मान ताठ करून म्हणतो, "मानतो की. समाधान आहे." आठ! शिवाय दारात उभ्या असलेल्या परक्या बाईपुढे कोण आपली फाटकी बाजू दाखवणार? झाकली मूठ सव्वा लाखाची.

बाईंनी हे साहेबांना सांगितलं होतं, वीस वर्षांपूर्वी. साहेब विचारात पडले, कारण माणूस मुळात चांगला. मग म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे तुमचा. पण गेली चार वर्षं हाच शब्द चाललाय. आता बदलला तर मागच्या वर्षांशी तुलना कशी करणार? मालिका तुटेल." त्यानंतर मालिका काही तुटली नाही. चूक दरवर्षी नेमाने तीच राहिली.

ताई राहायची वरच्या वस्तीत. टेकडीच्या उतारावर गिरणीवाल्यांच्या खोल्या, एकीच्या डोक्यावर दुसरी. खोलीत मध्ये जुन्या चादरीचा पडदा, पडद्याच्या अलीकडे ताई, पलीकडे खाटेवर आई. आईचं वय एक्क्याऐंशी. डोळे गेल्यातच जमा, पण कान असे की शेजारच्या खोलीत बशी ठेवली तरी हिला ऐकू जावी. गिरणी बंद पडल्यावर ताईची छातीही हळूहळू बंद पडायला लागली. चार पावलं चालली की गुडघ्यांवर हात टेकून ओणवं राहायचं, श्वास परत आला की पुढची चार पावलं.

तिचा सगळा जीव वस्तीतल्या दवाखान्यात होता. दोन खोल्या, एक सिस्टर आणि ऑक्सिजनचं एक यंत्र. ताई एक दिवसाआड दुपारी तिथे जायची, नाकाला नळी लावून दोन तास बसायची, सिस्टरशी गप्पा मारायची आणि ओठांना जरा रंग आला की परत यायची. "दोन तास उधारीवर आणते," ती म्हणायची. त्या यंत्रावर अशा अकरा बायका आणि चार पुरुष जगत होते. सगळे गिरणीतलेच.

त्या वर्षी नमुन्याच्या यादीत ताईचं घर निघालं. दर ठराविक घरांनंतर एक घर, असा यादीचा नेम. त्याला बहीणभाऊ कळत नाही. नात्यातल्या घरी प्रगणकाने जायचं नाही, असा नियम होता. तसं कळवलं असतं तर दुसरं कुणी आलं असतं. पण दुसरा प्रगणक रजेवर, मुदत संपत आलेली, आणि बाईंना वाटलं, टपरीवर बसून फॉर्म भरणाऱ्यांपेक्षा मी बरी. नियमावर बोट ठेवणारी बाई त्या दिवशी नियम मोडून टेकडी चढली.

"या, सरकारी बाई," ताई म्हणाली. "बसा. घर आपलंच समजा."

"चेष्टा नको गं. ही नोकरी आहे माझी. वय?"

"तुझ्याहून सहा वर्षांनी जास्त. मांड गणित."

पडद्याआडून आई म्हणाली, "मलाही विचार की काहीतरी."

"आई, तुझं वय बसत नाही. अठरा ते पंचाहत्तर."

"का? पंचाहत्तरीनंतर समाधान लागत नाही का माणसाला?"

"लागतं गं. मोजत नाहीत."

"बरं आहे की. मेलेल्यांत नाही आणि जित्यांतही नाही," आई म्हणाली, आणि तिघी हसल्या. ताईला हसताना ढास लागली. ती थांबेपर्यंत बाई पेन हातात धरून बसल्या.

मग त्यांनी शिडी काढली. प्रश्न त्याच सुरात विचारला, बहिणीला "आपण" म्हणत. ताईने चित्राकडे पाहिलं. मग पडद्याकडे पाहिलं, जरा वेळ. बाईंना वाटलं, श्वास गोळा करतेय.

"समाधान आहे," ताई म्हणाली. एकेक शब्द सुटा. "काय कमी आहे? मानून घेतलं की समाधानच समाधान."

"आकडा सांग, ताई."

"तूच लिही. तुला ठाऊक नाही का?"

"मला लिहिता येत नाही मनाने."

"मग तुझ्या तक्त्यात काय असेल ते लिही बाई. मला त्रास नको देऊस."

तक्त्यात आठ होतं. बाईंचं पेन कागदावर घुटमळलं. ही बाई रात्री आडवी होऊ शकत नाही, बसून झोपते, हे त्यांना ठाऊक होतं. दोन लिहावं, तीन लिहावं, असं फार वाटलं. कोण बघणार होतं? पण चोवीस वर्षांचा ताठा असा कसा वाकेल? त्यांनी आठ लिहिलं, रकान्याच्या बरोबर मधोमध, स्वच्छ अक्षरात. पुढे कितीदा तरी त्यांनी स्वतःच्या त्या अक्षराला शिव्या घातल्या.

त्याच आठवड्यात त्यांनी बागेकडची वसाहतही केली होती. तिथे प्रत्येक घराला पुढे हिरवळ, मागे गाडी. तिथली माणसं शिडी बघून घाबरत नाहीत. एक गृहस्थ वीस मिनिटं शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल बोलले. एका बाईंना पाण्याला येणारा वास आवडत नव्हता, एकीच्या मुलाला हव्या त्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला नव्हता. "चार," "तीन," "फार तर पाच, तेही तुमच्याकडे बघून." कुणी खोटं बोलत नव्हतं. त्यांना मागायची सवय होती आणि मागितलं की मिळायची सवय होती. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, हे त्यांना बरोबर कळलेलं.

चार महिन्यांनी निकालाची पुस्तिका आली. वरची वस्ती सगळ्या शहरात पहिली, सात पूर्णांक आठ. बागेकडची वसाहत तळाला, चार पूर्णांक सहा. कुठल्याशा मंत्र्याने भाषणात सांगितलं की आपण पैशाने मागे असू, पण समाधानात कुणाला हार जाणार नाही. कार्यालयात सगळ्यांना चहा झाला. साहेब म्हणाले, "शिडीबाई, तुमचे फॉर्म सगळ्यात स्वच्छ." बाईंनी चहा घेतला. पुस्तिकेतली ती क्रमवारी त्यांनी दोनदा वाचली, पण चहा घेतला.

आणि मग एक नवी पद्धत लागू झाली. आजवर दवाखाने, वाचनालयं वगैरे कुणाच्या ओळखीपाळखीने मिळायची. आता तसं नाही, आता माणसांच्या समाधानावर ठरणार: जिथे आकडा कमी, तिथे आधी. कागदावर वाचलं तर डोळ्यांत पाणी यावं इतकी चांगली पद्धत. वरच्या वस्तीतल्या दवाखान्याच्या दारावर सूचना चिकटली की पुढच्या महिन्यापासून हा दवाखाना बागेकडच्या वसाहतीजवळ हलवण्यात येत आहे, नागरिकांनी नोंद घ्यावी.

ताईने ती सूचना सिस्टरकडून वाचून घेतली. संध्याकाळी धाकटीला म्हणाली, "तू बघ ना जरा. तुझंच खातं आहे." इतकंच. उभ्या आयुष्यात तिने धाकटीकडे मागितलेली ही पहिली गोष्ट.

बाई दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडायच्या आधी जाऊन जिन्यात उभ्या राहिल्या. साहेब आले. केस आता पांढरे, निवृत्तीला दीड वर्ष.

"साहेब, वरच्या वस्तीचा आकडा खोटा आहे."

साहेबांनी चष्मा काढला. "तुम्हीच भरलेत ना फॉर्म?"

"मीच. म्हणून सांगते. लिहिलंय तसंच लोक बोलले. पण ते समाधानी नाहीत. ते समाधान मानतात. तुम्हाला वीस वर्षांपूर्वी सांगितलं होतं."

"आठवतं मला," साहेब म्हणाले. त्यांना खरंच आठवत होतं, तेच जास्त वाईट. "पण आता मी काय करू? आकडा वरती पाठवून झाला. आकड्यावर निर्णय झाला. मी जर म्हटलं की शब्द चुकीचा होता, तर चोवीस वर्षांचे सगळे आकडे चुकीचे. मग ही मोजणी कशाला हवी, म्हणतील. परत पोतीच मोजत बसतील."

"मग एक फॉर्म तरी रद्द करा," बाई म्हणाल्या. "सतराव्या क्रमांकाचा. ते माझ्या बहिणीचं घर आहे. मी नियम मोडलाय. मला काढा नोकरीवरून, पण तो आठ खोडा."

साहेब उठले. मग त्यांनी कपाट उघडलं, गठ्ठा काढला, सतरावा फॉर्म शोधला आणि त्यावर लाल पेनने तिरकी रेघ मारली. गणकयंत्रावर बेरीज पुन्हा केली. बराच वेळ बोटं चालली.

"सात पूर्णांक आठ," ते म्हणाले. "एकाने काही फरक पडत नाही. तुमचं नाव मी वर कळवत नाही. जा, कामाला लागा."

शिक्षा झाली असती तरी बाईंना बरं वाटलं असतं. ताई आता मोजणीतूनही बाद झाली, पदरात पडलं ते एवढंच. घी देखा लेकिन बडगा नहीं देखा, असं म्हणतात. बाईंनी चोवीस वर्षं तूपही पाहिलं नव्हतं, बडगा मात्र आत्ता पाहिला.

त्यांनी वस्तीत अर्ज फिरवला. पंधरा आजाऱ्यांपैकी सहा जणांनी अंगठा दिला. बाकीचे म्हणाले, "जाऊ द्या बाई. आहे त्यात समाधान मानायचं. कुणाच्या तोंडी लागायचं?" हाच शब्द! बाईंना भर रस्त्यात ओरडावंसं वाटलं. त्याऐवजी त्यांनी कागदाची घडी घातली आणि पुढच्या घरी गेल्या. त्याच दिवसांत मोजणीच्या फेरीत एका घरी त्यांनी शिडी काढलीच नाही. घरातल्या बाईला सरळ विचारलं, "तुम्ही कशाकशाचं समाधान मानून घेतलंय?" ती बाई आधी दचकली. मग दारातच खाली बसली आणि तासभर बोलली. नळाबद्दल, पडलेल्या गर्भाबद्दल, खोलीत येणाऱ्या ओलीबद्दल, एकदा शिवणयंत्र घ्यायचं होतं त्याबद्दल. बाईंनी फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सगळं उतरवलं. तपासणीतून तो फॉर्म परत आला. वर शेरा होता, अवैध.

सहा अंगठ्यांच्या अर्जावर उत्तर आलं नाही. महिना उलटला, दवाखाना हलला, आणि यंत्र एका दुपारी हातगाडीवरून उतार उतरून गेलं. बागेकडे जायचं म्हणजे उतरायचं, दोन बस बदलायच्या, परत यायचं आणि चढायचं. ताई दोनदा गेली. तिसऱ्यांदा उताराच्या मध्यावर बसली आणि तिथूनच परत फिरली. "त्या दोन तासांसाठी चार तासांचा श्वास खर्च होतो," ती म्हणाली. बाई रोज यायच्या, पाठीला हात लावून बसायच्या. ताई खिडकीशी, गुडघ्यांवर हात टेकून. कसं वाटतंय विचारलं की म्हणायची, "बरं आहे." बाईंच्या डोक्यात लगेच सात उमटायचं. त्या डोक्याचाच त्यांना वीट आला होता.

थंडीच्या दिवसांत, दुपारी बाराच्या सुमाराला ताई गेली. बाई तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाला कुणालातरी शिडी दाखवत होत्या. निरोप आला तेव्हा समोरचे आजोबा म्हणत होते, "उत्तम, अगदी उत्तम." बाईंच्या हातून नऊ लिहिलं गेलं, आणि मग त्या उठल्या.

आईला त्यांनी आपल्या खोलीत आणलं. तोच चादरीचा पडदा, कारण आईला पडद्याशिवाय झोप येईना. आई रडली नाही. दिवसभर खाटेवर बसून जुने सुताचे गुंडे सोडवायची आणि पुन्हा गुंडाळायची. एकदाच म्हणाली, "धाकटे, माझं ओझं होतंय का तुला?" बाई म्हणाल्या, "काहीतरीच काय."

नोकरी बाईंनी सोडली नाही. दोन पोटं होती, दुसरं करणार काय? वर्ष फिरलं, नवी यादी आली, आणि त्या यादीत त्यांचंच घर निघालं.

आपल्याच घराचा फॉर्म आपण भरायचा नाही. नवी प्रगणक आली, ती बाईंनीच शिकवलेली. पहिलीच गल्ली तिची. दारात चप्पल काढताना म्हणाली, "मॅडम, तुमच्यापुढे बोलायची भीती वाटते."

"तक्ता पाठ आहे ना? मग भीती कसली?"

बाईंनी महिनाभर ठरवून ठेवलं होतं. तक्त्याला हातच घालू द्यायचा नाही. शब्द बोलायचा नाही. सरळ आकडा सांगायचा, शून्य. साऱ्या देशात एक तरी शून्य धडधडीत पडू दे. स्वयंपाक करताना त्यांनी तो शब्द कितीदा पुटपुटून पाहिला होता.

वय झालं, शिक्षण झालं, खोल्या किती ते झालं. मग त्या मुलीने पिशवीतून शिडी काढली. नवीकोरी, कोपरे अजून टोकदार. "एकंदरीत आपल्या आयुष्याबद्दल आपण किती समाधानी आहात?"

पडद्याआड सुताचा गुंडा फिरत होता. तो थांबला.

बाईंनी पडद्याकडे पाहिलं, आणि ताई त्या दिवशी पडद्याकडे का पाहत होती ते त्यांना कळलं. श्वास गोळा करत नव्हती ती. पलीकडे आई बसली होती, इकडचा शब्द न् शब्द ऐकत. आईच्या कानावर कोणती लेक शून्य घालेल?

"समाधान आहे," शिडीबाई म्हणाल्या. "आठ लिहा."

मुलीने स्वच्छ अक्षरात आठ लिहिलं, आभार मानले आणि चप्पल घालून गेली.

"गेली का?" आईने विचारलं.

"गेली."

"थोरलीनेही समाधानच सांगितलं होतं. पडद्याआड मी होते म्हणून." आईने गुंडा खाली ठेवला. "लहानपणी घरात कमी असलं की तुम्ही दोघी म्हणायच्या, पोट भरलं आई. आणि मी उरलेलं खायची. तुम्हाला वाटायचं, मला कळत नाही. मला कळायचं. तरी खायची मी, मला भूक असायची."

बाईंनी पडदा बाजूला सारला.

"आण ती तुझी शिडी," आई म्हणाली.

"आई, तुझं वय बसत नाही गं."

"ठाऊक आहे. आण."

बाईंनी आपली जुनी शिडी आणून आईच्या मांडीवर ठेवली. आईला दिसत नव्हतं. तिने बोटांनी पुठ्ठ्याची कड चाचपली, वरच्या टोकापासून बोट खाली खाली आणलं आणि शिडी संपून पुठ्ठा कोरा राहिला होता तिथे टेकवलं.

"दोघी होतात तेव्हा मी वेगळं सांगितलं असतं," ती म्हणाली. "आता इथे."

शिडीबाई खाटेवर आईला लागून बसल्या. पुढचा प्रश्न त्यांना पाठ होता, गेल्या वर्षीच्या तुलनेत आपली स्थिती सुधारली, तशीच राहिली, की बिघडली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा, शिडी दाखवूनही, त्यांनी तो विचारला नाही.